मुळाशी मासळी

पुंडलिकने नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि पाण्याची चिळकांडी मांजरांवर सोडली. मांजरं चार पावलं मागे सरली आणि अंग झटकून तिथेच बसली. कुवेतची मांजरं ती. माणसाला भीत नाहीत, पाण्याला तर मुळीच नाहीत, आणि 'शुक्‌ शुक्‌' हे वेंगुर्ल्याकडचं अस्त्र त्यांच्यावर चालत नाही. सगळ्यांचे डोळे एकाच जागी लागलेले, कुंपणाच्या भिंतीलगत वाढलेल्या त्या लाल फुलांच्या झुडपाच्या बुंध्याशी.

झहूर गाडी पुसता पुसता बघत होता. झहूर म्हणजे घरचा ड्रायव्हर, हैदराबादचा. बोलणं गोड, बातमी कडू.

“क्या जी पुंडलिकभाई, ये बिल्लियां रोज इधरीच कायकू आतीं? हमारी नानी बोलते थे, बिल्ली मौत को सूंगती.”

“नानी मरी तब कितनी आई थी?”

झहूर खो खो हसला. पुंडलिकला हसू आलं नाही. मांजरं काय हुंगत होती ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानेच ते पुरलं होतं.

सन दोन हजार तीनचा फेब्रुवारी संपत आला होता आणि अख्खं कुवेत कान टवकारून बसलं होतं. उत्तरेच्या रस्त्याने रणगाडे वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्यांची रांग सरता सरत नव्हती. कोपऱ्यावरच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, पाण्याच्या बाटल्या संपल्या, चिकटपट्टी संपली, मेणबत्त्याही संपल्या. लोक खिडक्यांच्या काचांवर पट्टीच्या फुल्या मारत आणि घरातली एक खोली प्लास्टिक लावून बंद करून ठेवत. वरून विषारी वायूचा बॉम्ब पडलाच तर तिच्यात कोंडून घ्यायचं. सलवा वस्तीतल्या त्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं लागली होती.

घरची मालकीण म्हातारी कुबरा, तिची लेक दुबईहून रोज फोन करायची, निघून ये म्हणायची. म्हातारी म्हणायची, झाडाकडे कोण बघेल? लेक म्हणायची, पुंडलिक आहे ना. त्यावर कुबराचं उत्तर ठरलेलं होतं. पुंडलिक पाणी घालील, बघायचं मला आहे. यातली गंमत अशी की काचबिंदूपायी तिला दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. ती बघायची ते बोटांनी.

घरातली नोकरमाणसं तिला 'मामा' म्हणत. तिकडची रीतच तशी, मालकीण ती मामा. पहिलं वर्षभर पुंडलिकला तो शब्द तोंडातून काढताना ओशाळल्यासारखं व्हायचं. मामा म्हटलं की त्याला आपला सदू मामा दिसायचा, मिशा नि विडीसकट. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, परदेशात तर जरा लवकरच. त्याला आता या घरात दहा वर्षं झाली होती. बागकाम, गळका नळ, गच्चीवरची टाकी, सगळं तोच बघायचा. तिची अरबी आणि त्याची हिंदी यांची मिळून एक खिचडी शिजली होती. ती दोघांना पोटभर पुरायची.

आल्या आल्याच तिने त्याला त्या झुडपापाशी नेलं होतं. पुरुषभर उंच, पानं जाड नि ताठ, आणि हिवाळ्यात फुलं अशी की पुंडलिक बघतच राहिला. लालबुंद चेंडू आणि त्यांतून चहूकडे निघालेल्या पांढरट टाचण्या. त्याने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं, लाल कळंब. खरं नाव हाकिया. ते तिच्या मुलाने, जव्वादने, सांगितलेलं.

जव्वाद ऑस्ट्रेलियातून बोटीने मेंढ्या आणणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. वर्षातून दोनदा पार तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचा. एका खेपेला खिशातून मूठभर बिया घेऊन आला. त्यातली एकच रुजली. आईला तो सांगायचा, तिथली जमीन अशी की बघून दया यावी. साखरेसारखी पांढरी वाळू, तिच्यात कस म्हणून नाही. असल्या दळभद्री वाळूत ही झुडपं फुलतात, मैलच्या मैल. मग कधीतरी वणवा येतो आणि सगळं जळून जातं. तोवर फळं मिटलेलीच राहतात, वर्षानुवर्षं, लाकडासारखी घट्ट. झाड जळालं किंवा मेलं, की फळ तोंड उघडतं आणि बी खाली सोडतं. आणि एक गोष्ट त्याने आईला बजावून ठेवली होती. याला खत घालायचं नाही. याला भरवलं की हे मरतं.

पुढे एकोणीसशे नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौजा आल्या. नोव्हेंबरात एका सकाळी ते जव्वादला दारातून घेऊन गेले. पायात घरातल्या चपला होत्या. फेब्रुवारीत फौजा गेल्या, कैदी सुटून आले, जव्वाद आला नाही. मेल्याचा निरोपही आला नाही.

झाड मात्र जगलं. कुणी पाणी घातलं नसताना जगलं.

हे सगळं सांगून झाल्यावर कुबराने पुंडलिकचा हात धरून एका फळावर ठेवला होता. सुपारीपेक्षा जरा मोठं, टणक, टोकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक.

“मिटलेलं आहे ना?”

“मिटलेलं आहे, मामा.”

“मग आहे तो,” ती म्हणाली होती.

त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलली नाहीत. पण रोज संध्याकाळी ती खुर्ची टाकून तिथे बसायची आणि एकेक फळ चाचपायची, जपमाळेचे मणी ओढावेत तशी.

यंदा फुलं कमी आली. खालची पानं पिवळी पडली. गेला उन्हाळाच तसा गेला होता, पण कुबराला कारण नको होतं. तिने फांद्यांवरून हात फिरवला, फुलं असायची तिथे हाताला काही लागलं नाही, आणि ती उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुंडलिकच्या जिवाला घोर लागला.

शुक्रवारी तो फरवानियाला शत्रुघ्नच्या खोलीवर गेला. शत्रुघ्न त्याच्या गावचा, एसी दुरुस्त करणारा. एका खोलीत वाडीतले सहाजण, एकावर एक खाटा, आणि शुक्रवारी माशाची आमटी हा त्यांचा धर्म. निम्मे जण परत जायच्या गोष्टी करत होते. शत्रुघ्नला विचारलं तर म्हणाला, “लढाय झाली तरी एसी बंद पडतलेच. माका कामाक तोटो नाय.” पण बोलताना त्याची नजर खाटेखालच्या बांधलेल्या बॅगेकडे गेली.

तिथून पुंडलिकने घरी फोन लावला. बायकोने, लताने, आधी रडून घेतलं, परत या म्हणाली, पोराची आण घातली. मग दोघांकडे बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्याने झाडाचं सांगितलं.

“पान पिवळा पडता म्हणजे झाड उपाशी,” लता म्हणाली. रडणं विसरून तिचा आवाज एकदम कामाचा झाला. “मासळेचा खत घाला मुळात. माडाक घालतंव तसा.”

“घालूचा नाय म्हणून सांगितल्यानी हत.”

“कोणी सांगितल्यान? उपाशी झाडाक फुला खयसून येतली?”

दहा वर्षं पुंडलिकने तो नियम पाळला होता, पण पटला कधीच नव्हता. त्याच्या घरी मासळी धुतलेलं पाणीसुद्धा वाया जात नसे, ते माडाला. त्याचा बाप वर्षाची सुक्या मासळीची कुटी आधी माडांच्या आळ्यात घालायचा, मग बाकीचे हिशेब. झाड म्हणजे घरातलं खातं तोंड. त्याला मुद्दाम उपाशी ठेवायचं हे कसलं शास्त्र? मेंढ्यांच्या व्यापारातल्या पोराला झाडाचं काय कळणार?

शनिवारी पहाटे तो मासळीबाजारातून डोकी नि आतडी घेऊन आला. पापलेटाची, हमूरची. कोळ्यांनी फुकट दिली. त्याने बुंध्याभोवती हातभर खोल चर खणला, मासळी पसरली, वर वाळू ओढली, पाणी सोडलं. हात धुताना त्याला फार बरं वाटलं. किती दिवसांत असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मांजरं आली.

मार्चात भोंगे सुरू झाले. पहिला वाजला तेव्हा दुपार होती. झहूर मास्क तोंडाला लावून बंद खोलीत धावला, स्वयंपाकीण धावली. कुबरा झाडापाशी होती, ती जागची हलली नाही. पुंडलिकने हाताला धरून बघितलं, विनवून बघितलं. शेवटी तो तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला. दूर समुद्राकडे कुठेतरी धप्प असा आवाज झाला आणि खिडक्यांच्या फुल्या मारलेल्या काचा थरथरल्या. मांजरं केव्हाच पसार झाली होती.

“मांजरं रोज का येतात, पुंडलिक?” भोंगा थांबल्यावर तिने विचारलं.

“उंदीर असेल, मामा.”

“हं,” ती म्हणाली. आणि मान जरा झुडपाकडे वळवून तिने एक लांब श्वास घेतला. पुंडलिकच्या ते लक्षात आलं, पण त्याचा अर्थ त्याला फार पुढे लागला.

एप्रिलात बगदाद पडलं. गल्लीत गाड्यांचे हॉर्न वाजले, दिवाणियांमधून, घराघरांतल्या पुरुषांच्या बैठकींमधून, मिठाई फिरली. तिकडचे तुरुंग उघडतायत म्हणे, तळघरांतून माणसं निघतायत म्हणे. कुणाच्या तरी चुलतभावाने कुणाला तरी पाहिलं म्हणे. कुबराने जव्वादची खोली उघडली, गादी उन्हात टाकली, त्याचा पांढरा पायघोळ झगा, दिशदाशा, स्वतः इस्त्री केला. इस्त्रीने बोट भाजलं तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ती जेवायला लागली, गुणगुणायला लागली. झहूरसुद्धा म्हणाला, अल्ला बडा कारसाज आहे.

त्याच आठवड्यात पुंडलिकला पानांच्या कडा काळ्या पडलेल्या दिसल्या. जाळावर धरल्यासारख्या.

आधी त्याने पाणी वाढवलं. मग तोडलं. मग सगळा चर उकरून राहिलेली घाण आणि भोवतालची वाळू घमेल्यांनी बाहेर काढली, समुद्राकाठची स्वच्छ वाळू आणून भरली. पण पोटात गेलेला घास कुणाला काढता येतो? काळेपणा कडांवरून आत सरकत गेला. एकेक फांदी शेंड्यापासून वाळू लागली. पोराने आईला सांगितलेलं एकूण एक खरं होतं, आणि पुंडलिकला ते आता आपल्या हातांनी कळत होतं.

मे उजाडला तशा बातम्या बदलल्या. तुरुंग रिकामे निघाले होते. आता तिकडच्या वाळवंटातले माणसं पुरलेले खड्डे उघडत होते. कुबराला एका दवाखान्यात बोलावून दंडातून रक्त घेतलं, हाडांशी जुळवून बघण्यासाठी. ती आली ती सरळ झाडापाशी बसली, दंडावरचा कापूस तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालताना पुंडलिकला आवाज आला. टक्‌. सुपारी अडकित्त्यात कातरावी तसा. शेंड्याकडच्या वाळक्या फांदीवरचं एक फळ उकललं होतं. दोन फाकांमध्ये पिवळसर लाकूड दिसत होतं आणि त्याला चिकटलेली काळी, पातळ पंखाची बी.

क्षणभर त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याकडे तोंड उघडून बघतंय.

त्याने ते फळ तोडून खिशात घातलं. पण सगळी कशी तोडणार? तिला फांदीन्‌ फांदी पाठ होती. ऊन चढत होतं, अजून एक टक्‌ कधीही वाजला असता. पुंडलिक खोलीत गेला, ट्रंकेतून जाळं शिवायचा नायलॉनचा दोरा काढला. तो जातीचा गाबीत, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा. हा दोरा नि ही सुई सोबत असल्याशिवाय त्याला परक्या मुलखात झोप लागत नसे, उपयोग असो नसो. आता उपयोग झाला. त्याने प्रत्येक फळाला दोन वेढे दिले आणि जाळ्याची बारीक गाठ मारली, पाण्यात फुगली तरी न सुटणारी. दोरा पाण्यासारखा आरपार. दिसायचा प्रश्न नव्हता, आणि बोटांना कळणार नाही इतका तो बारीक आहे असं पुंडलिकने स्वतःला पटवलं. माणसाला स्वतःला काहीही पटवता येतं, गिऱ्हाईक घरचंच असतं.

झहूर हे बघत उभा होता. यावेळी त्याने नानीला मध्ये आणलं नाही. “ऐसा कब तक बांधेंगे भाई?” एवढंच म्हणाला, आणि सोडलेला दोरा गुंडाळून द्यायला लागला.

संध्याकाळी कुबरा आली. खुर्चीवर बसली, हात वर केला. बोटं पहिल्या फळावर थांबली. पुंडलिकने नळी चालू नसताना घट्ट धरून ठेवली होती. बोटं दुसऱ्या फळावर गेली, मग तिसऱ्या. सगळी चाचपून झाल्यावर तिने हात मांडीवर ठेवला.

“मिटलेली आहेत,” ती म्हणाली.

“हो, मामा.”

सबंध उन्हाळा असाच गेला. पानं गळून गेली. काटकुळ्या करड्या फांद्या नि त्यांवर दोऱ्यांत आवळलेली फळं, एवढंच राहिलं. त्या उन्हात माणसाचं डोकं फुटेल, मग फळाचं काय. रोज सकाळी पुंडलिक गाठी तपासायचा, सैल झालेली बांधायचा, आणि मेलेल्या झाडाला पाणी घालायचा. रोज संध्याकाळी ती यायची, चाचपायची, मिटलेली आहेत म्हणायची. तो हो म्हणायचा. मांजरांनी यायचं केव्हाच सोडलं होतं. ती येत होती तेव्हा बरं होतं असं आता त्याला वाटे. फोनवर लताने विचारलं, खत लागला मा झाडाक? तो म्हणाला, लागला.

सप्टेंबरात एका सकाळी दोन सरकारी माणसं आली, सोबत कुबराचा पुतण्या. दिवाणियात बसली, चहाला हात न लावता उठली. जाताना पुतण्या दारात उभा राहून डोळे पुसत होता. पुंडलिक समजायचं ते समजला. त्याने नळ बंद केला. झाडापाशी नुसता उभा राहिला.

कुबरा बाहेर आली. अंगावर काळा अबाया, हाताने भिंत चाचपत. त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली, आणि जराशाने म्हणाली, “कात्री आण.”

त्याने आणली. कात्री तिने घेतली नाही.

“तू बांधलीस. तूच सोड.”

पुंडलिक मातीत बसला. “मामा, माझ्या हातून…”

“मांजरं आली त्या दिवशी मला कळलं होतं,” ती म्हणाली. “डोळे गेलेत. नाक आहे.”

“मग मला थांबवलं का नाही? तेव्हाच उकरून काढलं असतं तर…”

ती बोलली ती त्याच्याकडे तोंड करून नाही, झाडाकडे करून.

“बारा-तेरा वर्षं मी एकच विचार करत होते. मारतात का, झोडतात का, तो नाही. त्याला कुणी जेवायला घालत असेल का, हा. मग एक दिवस तू याला जेवू घातलंस. मी नको कशी म्हणू?”

पुंडलिकने एकेक दोरा कापला. काही फळं तशीच राहिली, महिनोन्‌महिने आवळल्याने तोंड उघडायचं विसरल्यासारखी. काही लगेच उकलली. टक्‌. टक्‌. कुबराने अबायाचा घोळ ओटीसारखा पसरून धरला होता. काळ्या कापडात काळं बी पडत होतं, तिला दिसत नव्हतं, त्यालाही नीट दिसत नव्हतं. ती बोटांनी शोधून एकेक गोळा करत होती. शेवटी तिने सगळं रुमालात बांधलं आणि कमरेशी खोचलं.

दोन दिवसांनी जव्वादच्या हाडांचं दफन झालं. घर बायकामाणसांनी भरून गेलं, आतून मर्सियांचा, शोकगीतांचा, आवाज येत होता. दारात मोठाली पातेली उतरली, लोकांना जेवू घालायचं होतं. पुंडलिक नि झहूर सकाळपासून ताटं वाहत होते. दुपार टळल्यावर पुंडलिक अंगणाच्या टोकाला, त्या काटक्यांपाशी, टेकला.

तेवढ्यात स्वयंपाकिणीचा हात धरून कुबरा आली. दुसऱ्या हातात ताट होतं, भात आणि वर तळलेला मासा. ताट तिने त्याच्यापुढे ठेवलं, खुर्चीवर बसली आणि स्वयंपाकिणीला जा म्हणाली. आत बायका वाट बघत होत्या, तिला हाका येत होत्या.

“जेव,” ती म्हणाली.

त्याला घास जाईना. भात तोंडात फिरत राहिला. दोन-चार घास कसेबसे गिळून त्याने ताट जरा बाजूला सारलं, आवाज न करता. तिने हात लांबवला आणि ताटाच्या कडेवरून आत बोटं फिरवली, सावकाश, रोज संध्याकाळी फळांवरून फिरवायची तशी.

“अजून आहे,” ती म्हणाली.

पुंडलिकने ताट पुन्हा पुढे ओढलं.